पोटातल्या बाळाची तालीम

पाळी चुकली, घरीच टेस्ट केली, दोन रेघा आल्या. बोरिवलीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाच आठवडे झालेत." आता नवरा-बायको बोटांवर हिशेब करतायत आणि आकडा काही जुळत नाही. तो जुळणारच नाही! गरोदरपण मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे पहिले साधारण दोन आठवडे बाळ मुळी नसतंच. ४० आठवड्यांतले ३८च त्याच्या वाट्याला येतात. तेवढ्यात ते नुसतं वाढत नाही, तर बाहेर आल्यावर जे जे करायचंय त्याची आतच तालीम करून घेतं.

सहाव्या आठवड्यात बाळ मसुराच्या दाण्याएवढं असतं, पण हृदय कामाला लागलेलं असतं. चार कप्पे अजून व्हायचेत. आत्ता आहे ती नुसती वळत जाणारी नळी, आणि तीच ठोके देतेय. नवव्या आठवड्याच्या सुमारास हे ठोके मिनिटाला १७०च्या आसपास जातात, मग हळूहळू ११० ते १६०च्या दरम्यान स्थिरावतात. सोनोग्राफीच्या खोलीत ती धावती धडधड ऐकून कित्येक आया घाबरतात. घाबरू नका, बाळाचं हृदय एवढ्याच वेगाने चालायला हवं.

पिवळी गोळी आणि परळचं नातं

सहाव्याच आठवड्यात आणखी एक मोठं काम उरकतं. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू होतात, ती मिटते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. ही नळी नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिड लागतं. म्हणूनच ती गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते.

ही गोळी आज अंधेरीच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, पण तिच्या गोष्टीची सुरुवात आपल्याच शहरात झाली. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत होता. रक्त कमी, आणि ज्या रक्तपेशी होत्या त्या भलत्याच मोठ्या. कित्येकींचा त्यात जीव जात होता. परळच्या हाफकिन संस्थेत लूसीबाईंनी याचा पाठपुरावा केला. या बायका काय खातात, कुणाच्या ताटात काय नाही, हे त्यांनी बारकाईने पाहिलं. गरिबीतल्या, निकस जेवणाऱ्या बायकांमध्ये आजार जास्त होता. मग उंदीर, माकडं यांच्यावर प्रयोग झाले आणि उतारा सापडला तो मार्माइटमध्ये! बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा हा काळा, खारट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. तो दिल्यावर आजारी बायका झपाट्याने सुधारल्या. १९३१ साली हे निष्कर्ष छापून आले. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून तोच पदार्थ वेगळा काढला गेला आणि त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. ते बाळाच्या मज्जारज्जूलाही जपतं, हे पक्कं व्हायला १९९१ उजाडलं. ज्यांच्या आधीच्या बाळात असा दोष होता, अशा आयांच्या मोठ्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांमध्ये तो धोका ७२ टक्क्यांनी घटलेला दिसला. गिरणगावातल्या त्या बायकांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. जगभरच्या गरोदर बायकांवर त्यांचे उपकार आहेत, आणि मुंबईच्या शाळांमधून मुलांना हे सांगायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

बर्फी की पेढा?

डोहाळजेवणात झाकलेल्या वाट्यांतून बर्फी निघाली तर मुलगी, पेढा निघाला तर मुलगा. हा खेळ खेळावा तो हसण्यासाठी. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर पहिल्या क्षणीच ठरलेलं असतं, तरी नवव्या आठवड्यापर्यंत दोघांची बाह्य रचना सारखीच दिसते. राजावाडी हॉस्पिटलमध्ये जा, कूपर हॉस्पिटलमध्ये जा नाहीतर मुलुंडच्या एखाद्या छोट्या सेंटरमध्ये, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी असतेच. देशभराचा कायदा १९९४चा. महाराष्ट्राने मात्र आपला कायदा १९८८ सालीच केला होता, देशात सर्वात आधी. याचा अभिमान बाळगावा.

मुलगा असो की मुलगी, बोटांवरच्या रेषा दहाव्या आठवड्यानंतर उमटू लागतात आणि पाचव्या महिन्यापर्यंत कायमच्या होतात. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात, कारण प्रत्येकाच्या बोटांवर पोटातल्या पाण्याचा दाब, हालचाल, वाढीचा वेग थोडा थोडा वेगळा पडतो. अंगठा चोखणंही आतच सुरू होतं. उत्तर आयर्लंडमधल्या संशोधकांनी अशा ७५ बाळांचा नंतर माग काढला. पोटात उजवा अंगठा चोखणारी ६०च्या ६० मुलं पुढे उजखुरी निघाली, आणि डावा चोखणाऱ्या १५पैकी १० डावखुरी.

आईच्या ताटातली चव

बाळ भोवतीचं पाणी गिळतं आणि त्यातच शू करतं. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर ते पाणी मुख्यतः त्याच्याच लघवीचं असतं. किळस वाटायचं कारण नाही, ते निर्जंतुक असतं, आणि गिळण्याच्या या सरावातून आतडी तयार होतात. त्या पाण्यात आईच्या जेवणाचा स्वादही उतरतो. आईने लसूण खाल्ला तर पोटातल्या पाण्याला लसणाचा वास येतो, हे १९९५मध्ये सिद्ध झालं. घाटकोपरच्या खाऊगल्लीतली लसणाची चटणी बाळापर्यंत पोचते ती अशी! २०२२मध्ये इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाने ३२ आणि ३६ आठवड्यांच्या बाळांचे चेहरे स्कॅनवर पाहिले. आईने गाजराची पूड असलेली कॅप्सूल घेतली तर हसरा चेहरा. केल नावाच्या कडवट पालेभाजीची घेतली तर रडवेला.

कान साधारण पंचविसाव्या-सव्विसाव्या आठवड्यापर्यंत चांगले कामाला लागतात. भोवती पाणी असल्यामुळे किरटे आवाज विरतात, खर्जातले आणि तालातले पोचतात. आईचा आवाज तर बाहेरून आणि तिच्या हाडांतूनही येतो. अभिमन्यूसारखी चक्रव्यूहाची युक्ती कुणी पोटात शिकत नाही, पण आईच्या बोलण्याची चाल नक्की शिकतं. १९८०च्या एका प्रयोगात तीन दिवसांपेक्षाही लहान बाळं आईचाच आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखणीचा वेग बदलायची. २००९मध्ये आणखी गंमत उघड झाली. फ्रेंच बाळांचं रडणं चढत जातं, जर्मन बाळांचं उतरत येतं, अगदी त्यांच्या भाषांसारखं. वय किती? तीन ते पाच दिवस!

तुम्ही आजीच्या पोटात होतात

मुलगी आईच्या पोटात असताना, विसाव्या आठवड्याच्या सुमारास, तिच्या बीजकोशांत ६० ते ७० लाख स्त्रीबीजं तयार असतात; जन्मापर्यंत त्यातली १० ते २० लाख उरतात. म्हणजे ज्या बीजापासून तुम्ही झालात ते तुमची आई आजीच्या पोटात असतानाच तयार झालं होतं. आजी लालबागच्या चाळीत नळावर पाणी भरत होती, तेव्हा आज बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नातवाचा अर्धा भाग तिच्याबरोबर जिना चढत होता. मला यासारखी थक्क करणारी दुसरी गोष्ट माहीत नाही. हे उलटंही चालतं. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात आणि राहतात. मुलगा झाल्यानंतर २७ वर्षांनीही एका आईच्या रक्तात त्या सापडल्या.

पोटातली आणखी एक तालीम श्वासाची. ती अकराव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. हवा नाही, फुप्फुसात पाणीच, तरी छाती वर-खाली होते. उचक्याही लागतात, आणि शेवटच्या महिन्यांत त्या आईला पोटावर हात ठेवून मोजता येतात.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच येणारी बाळं २०मध्ये एखादीच. त्यामुळे ३६वा आठवडा लागला की फाईल, रक्तगटाचा कागद, धुतलेले जुने सुती कपडे एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवा. लोकलने जायची वेळ आलीच तर दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला बसता येतं. संकोच करू नका. आणि २८ आठवड्यांनंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रिक्षा करून हॉस्पिटल गाठा.