महाविद्यालयीन कार्यालयात बिनतारी नेटवर्क प्रिंटरची उपयुक्तता

प्रस्तावना :
संगणक आल्यावर कार्यालयातील कागद संपुष्टात येईल, अशी अपेक्षा व्यक्त केली जात होती. प्रत्यक्षात प्रवेश, परीक्षा, लेखा व आस्थापना या विभागांत छापील प्रतीची गरज आजही आहे. प्रत्येक टेबलावर स्वतंत्र प्रिंटर ठेवण्याऐवजी सर्वांनी एकच बिनतारी प्रिंटर वापरल्यास कोणते लाभ होतात व कोणती दक्षता घ्यावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कार्यपद्धती :
आयईईई या संस्थेने १९९७ साली बिनतारी नेटवर्कसाठी ८०२.११ हे मानक निश्चित केले. त्यावर आधारलेले तंत्र पुढे वाय-फाय या नावाने परिचित झाले. या पद्धतीत प्रिंटर राउटरमार्फत नेटवर्कला जोडला जातो व त्याला स्वतःचा पत्ता मिळतो. केबलने जोडलेला प्रिंटर अनेकांनी वापरायचा असल्यास तो ज्या संगणकाला जोडला आहे, तो संगणक सतत सुरू ठेवावा लागतो. नेटवर्क प्रिंटरबाबत ही अडचण उरत नाही. ॲपल कंपनीने २०१० मध्ये एअरप्रिंट ही सोय आणल्यानंतर मोबाइलवरून वेगळा ड्रायव्हर न टाकता प्रिंट काढणेही शक्य झाले.

फायदे :
१) प्रत्येक टेबलापर्यंत केबल न्यावी लागत नाही. मात्र जुन्या इमारतींच्या जाड दगडी भिंतींमुळे लहरी क्षीण होतात. त्यामुळे प्रिंटरची जागा विचारपूर्वक निवडावी लागते.
२) अनेक लहान प्रिंटरसाठी निरनिराळी काडतुसे साठवण्याऐवजी एकाच प्रकारचा टोनर पुरतो. मोठ्या लेझर प्रिंटरचा प्रतिपान खर्चही सामान्यतः कमी असतो.
३) दोन्ही बाजूंनी छपाईची सोय असल्यास कागद जवळजवळ निम्मा लागतो.
४) अनेक प्रिंटरमध्ये वापरकर्त्यानुसार पानांची नोंद ठेवता येते. त्यावरून विभागनिहाय खर्च काढता येतो.

गोपनीयतेचा प्रश्न :
सामायिक प्रिंटरचा ट्रे हा सर्वांच्या नजरेसमोर असतो. काही विद्यापीठे प्रश्नपत्रिका संगणकाद्वारे पाठवितात व त्यांच्या प्रती महाविद्यालयातच काढल्या जातात. अशी प्रत ट्रेमध्ये काही मिनिटे जरी पडून राहिली, तरी परीक्षेची विश्वासार्हता धोक्यात येते. यावर उपाय म्हणजे पिन क्रमांकाने छपाई. या सोयीमुळे संबंधित व्यक्तीने प्रिंटरजवळ येऊन क्रमांक दाबल्याखेरीज कागद बाहेर पडत नाही. ही सोय नसलेल्या प्रिंटरवर गोपनीय काम करू नये. त्यासाठी परीक्षा विभागात केबलने जोडलेला स्वतंत्र प्रिंटर ठेवणे इष्ट ठरते.

याखेरीज प्रिंटरचा मूळ पासवर्ड बदलावा, वाय-फायला किमान डब्ल्यूपीए-२ संरक्षण असावे, विद्यार्थ्यांचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवावे आणि प्रिंटर इंटरनेटवरून थेट पोहोचता येईल असा उघडा नसावा. २०१८ च्या अखेरीस असे उघडे राहिलेले हजारो प्रिंटर शोधून त्यांतून एका यूट्यूब वाहिनीच्या प्रचाराची पत्रके परस्पर छापण्यात आली होती.

निष्कर्ष :
बिनतारी प्रिंटरमुळे खर्च, जागा व वेळ यांची बचत होते. तथापि खरेदी करताना केवळ किंमत व वेग न पाहता पिन क्रमांकाने छपाईची सोय आहे किंवा नाही, हे खरेदी समितीने प्रथम तपासावे. परीक्षेची गोपनीयता राखली गेली, तरच ही बचत खऱ्या अर्थाने लाभदायक ठरेल.