वर्गाबाहेरचे विज्ञान, लेखांक 7 : जंतरमंतर आणि मीटरभर काठी

दिल्लीचे जंतरमंतर सवाई जयसिंहाने 1724 च्या सुमारास उभारले. त्यातल्या सुमारे 70 फूट उंचीच्या सम्राट यंत्राची तिरकी कड जमिनीशी दिल्लीच्या अक्षांशाइतका, म्हणजे साधारण 28.6 अंशांचा कोन करते आणि ध्रुवताऱ्याकडे रोखलेली असते. मुलांना मात्र रामयंत्र लवकर उमगते. गोल भिंतीच्या मधोमध एक खांब आहे आणि त्याची उंची भिंतीपर्यंतच्या अंतराएवढी आहे. सावलीचे टोक भिंतीच्या पायथ्याला टेकले की सूर्य 45 अंशांवर आला, हे सूत्राशिवाय कळते.

अचूक मोजणी मात्र इथे होत नाही. यंत्रांवरच्या खुणा झिजल्या आहेत, भोवतीच्या उंच इमारती ऊन अडवतात आणि यंत्रांवर चढायला मनाई आहे, ती योग्यच. तत्त्व इथे पाहावे आणि मोजणी शाळेच्या मैदानावर करावी.

त्यासाठी मीटरभर काठी ओळंब्याने सरळ उभी करायची आणि तिच्याभोवती वर्तुळ आखायचे. सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवते तिथे खुणा करायच्या. काठीपासून या दोन खुणांच्या मध्यबिंदूकडे जाणारी रेषा म्हणजे दक्षिणोत्तर दिशा. ही रीत शुल्बसूत्रांइतकी जुनी आहे आणि तिला होकायंत्र लागत नाही. सावली या रेषेवर आली की माध्यान्ह. त्या वेळी घड्याळात नेमके बारा वाजलेले नसतात, आणि वर्गातली खरी चर्चा इथूनच सुरू होते. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, दिल्ली 77.2 अंशांवर; म्हणून सुमारे 21 मिनिटांचा उशीर. शिवाय पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि कललेला अक्ष यांमुळे माध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभी 12.05 च्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्यास 12.35 च्या आसपास होते.

माध्यान्हीची सावली 21 जूनला जेमतेम 9 सेंटिमीटर, विषुवदिनी 55 आणि 22 डिसेंबरला 128 सेंटिमीटर भरते. मुंबई-पुण्याला मे आणि जुलैत येतो तसा शून्य सावलीचा दिवस दिल्लीला कधीच येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

जयसिंहाची एक वेधशाळा उज्जैनलाही आहे. तिथल्या एखाद्या शाळेने विषुवदिनी हीच काठी रोवली तर सावली 43 सेंटिमीटर येते. दोन्ही सावल्यांवरून सूर्याच्या उंचीतला फरक सुमारे साडेपाच अंश निघतो. दोन शहरांमधले दक्षिणोत्तर अंतर नकाशावर जवळपास 600 किलोमीटर आहे. त्रैराशिक मांडले की पृथ्वीचा परीघ 40,000 किलोमीटरच्या जवळ येतो.

दिल्लीच्या डिसेंबरात धुके हा नेहमीचाच अडथळा. पण अयनदिनाच्या आठवडाभर आधी किंवा नंतर मोजले तरी सावलीत सेंटिमीटरभराचाच फरक पडतो. मार्चमध्ये तेवढा फरक एका दिवसात पडतो, म्हणून विषुवदिनाची नोंद चुकवून चालत नाही.