पाटीवरचे नाव आणि मनातला अविश्वास : नामांतराने संवादाबद्दल काय शिकवले?

न्हावा शेवा, उरण, पनवेल या पट्ट्यात नावाचे मोल कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-पागोटे परिसरात जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळाला मिळावे म्हणून जून २०२१ मध्ये हजारो लोक बेलापूरला सिडको भवनावर धडकले. नाव म्हणजे नुसती पाटी नसते. ‘या भूमीवर आमचाही हक्क आहे’ याची ती कबुली असते. म्हणूनच नामांतराच्या लढ्याकडे आपण पुन्हा एकदा पाहायला हवे.

मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती, तेव्हा १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर १९५८ मध्ये आले. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. पण त्यानंतर गावोगावी दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे त्याच हिंसाचाराचे बळी. ठराव कागदावर राहिला. नोव्हेंबर १९७९ मध्ये दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, पुढे कित्येक भीमसैनिकांनी प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव मिळाले, तेही ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे. म्हणून आपण त्या दिवसाला नामविस्तार दिन म्हणतो.

या साडेपंधरा वर्षांतून दोन गोष्टी कळतात. पहिली, मुंबईत ठराव झाला म्हणजे गावात संवाद झाला असे होत नाही. मराठवाड्याची अस्मिता पुसली जाणार, अशी भीती पसरवली गेली. तिच्याआड जातीचा राग होता. शिकलेला, नोकरीला लागलेला, गावकीची कामे नाकारणारा बौद्ध तरुण अनेकांच्या डोळ्यांत खुपत होता. त्या भीतीला उत्तर द्यायला आणि वस्त्यांना संरक्षण द्यायला गावपातळीवर कोणतीच तयारी नव्हती. दुसरी, तोडगा निघाला तो दोन्ही नावे एकत्र ठेवून. तो अपुरा होता, अनेकांना आजही बोचतो. पण त्याच विद्यापीठात आज सर्व जातींची मुले शिकतात, पदवीवर बाबासाहेबांचे नाव घेऊन बाहेर पडतात.

जगातही असे घडले आहे. कोसोवोत सर्ब आणि अल्बेनियन समाजांतला एक मोठा वाद विद्यापीठाचाच होता. १९८९ मध्ये कोसोवोची स्वायत्तता काढून घेतली गेली. पुढे अल्बेनियन विद्यार्थी व प्राध्यापक विद्यापीठाबाहेर फेकले गेले आणि लोकांच्या घरांत वर्ग भरू लागले. सप्टेंबर १९९६ मध्ये मिलोसेविच आणि रुगोवा या नेत्यांनी विद्यार्थ्यांना परत आणण्याच्या करारावर सह्या केल्या. करार कागदावरच राहिला आणि दीड-दोन वर्षांत युद्ध पेटले. मित्रोवित्सा शहरात आजही इबार नदीच्या उत्तरेला मुख्यतः सर्ब आणि दक्षिणेला अल्बेनियन राहतात. मध्ये पूल आहे, पण विश्वास नाही. न पाळलेला करार हा करार नसण्यापेक्षाही घातक ठरतो, कारण पुढच्या शब्दावर कुणी भरवसा ठेवत नाही.

नदीवरून आठवते ती रोहिणी. शाक्य आणि कोलीय यांच्यातला पाण्याचा वाद बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडला आहे. सिद्धार्थाने संघात युद्धाला विरोध केला. आधी दोष कुणाचा याची चौकशी करू, आपल्या माणसांनीही आगळीक केली असेल तर तेही मान्य करू, असे तो म्हणाला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा, ही त्याची सूचना होती. बहुमताने ती फेटाळली गेली. तरीही संवादाची याहून सोपी आणि न्याय्य रीत आम्हाला दुसरी दिसत नाही.

मग आपण काय करायचे? १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगाव हिंसाचारानंतर आणि आता आरक्षणाच्या वादात गावे पुन्हा दुभंगत आहेत. आम्हाला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

एक, संवाद म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे. अत्याचार झाला तर ॲट्रॉसिटीची फिर्याद नोंदवलीच पाहिजे, ती मागे घेण्याची अट घालून समेटाची बैठक होऊ शकत नाही. मारणारा आणि मार खाणारा यांना एकाच तागडीत तोलणे हा अन्यायच आहे.

दोन, बोलणी वाद पेटण्याआधी सुरू व्हावीत. जयंतीची मिरवणूक, स्मशानभूमीची वाट, पाण्याची टाकी हे प्रश्न आधीच बसून सोडवता येतात. त्या बैठकीत दोन्हीकडच्या महिला आणि तरुण हवेत.

तीन, छोटा शब्द द्यावा, पण तो पाळावा. बंदरातली नोकरी असो की प्रकल्पग्रस्तांचा भूखंड, गरिबाचे प्रश्न जात विचारून येत नाहीत. तिथे एकत्र उभे राहिलेली माणसे एकमेकांच्या दारात दगड घेऊन सहसा जात नाहीत.

बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समतेच्या जोडीला बंधुता ठेवली. बंधुता कायद्याने आणता येत नाही, ती रोजच्या व्यवहारात कमवावी लागते. विद्यापीठाच्या कमानीवर नाव लागायला साडेपंधरा वर्षे लागली. गावच्या वेशीत ती बंधुता यायला किती लागतील, हे आपल्या हातात आहे.