कुत्र्याचे ताट : कच्चे मांस की पिशवीतले खाद्य?

आमच्या सभासद कुटुंबांतून अलीकडे एक प्रश्न वरचेवर कानी येतो. पूर्वी दारातल्या कुत्र्याला शिळी भाकरी नि ताक घातले की काम भागत असे. आता तोच कुत्रा दिवाणखान्यात बसतो, मुलांच्या अंथरुणावर निजतो, आणि त्याच्या ताटावरून घरात दोन पक्ष पडतात. तरुण मंडळी म्हणतात, कुत्रा हा लांडग्याचा वंशज, त्याला कच्चे मांस व हाडेच हवीत. वडीलधारी म्हणतात, दुकानातून पिशवी आणावी आणि मोकळे व्हावे. (आपल्याकडे कोणत्याही कंपनीचे कोरडे खाद्य असो, त्याला सरसकट ‘पेडिग्री’च म्हणतात!) आम्ही शास्त्र शिकवणारे शिक्षक आहोत, पशुवैद्य नव्हे. तरी या बाबतीत जे निश्चित कळलेले आहे, ते साध्या शब्दांत सांगण्यास हरकत नसावी.

प्रथम लांडग्याची गोष्ट. कुत्रा लांडग्यापासून उत्पन्न झाला हे खरे. पण माणसाच्या चुलीपाशी हजारो वर्षे काढल्यावर त्याचे पोट लांडग्याचे राहिले नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, पिष्ट पचविणारा अमायलेज हा पाचक रस तयार करण्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळतात. म्हणजे भाकरी पचविण्याची सोय निसर्गानेच त्याला करून दिली. आपल्या शेजारच्या मुधोळचे कुत्रे पाहा. मालोजीराव घोरपडे सरकारांनी ज्या जातीची जोडी पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिली, आणि ज्या जातीचे कुत्रे २०१६ पासून भारतीय सैन्यात शिक्षणासाठी घेतले गेले, तो सडपातळ शिकारी कुत्रा खेड्यापाड्यांतून ज्वारी-मक्याची भाकरी व दूध यांवरच वाढत आला आहे. तेव्हा ‘धान्य म्हणजे कुत्र्याला विष’ हे म्हणणे आम्हांस मान्य नाही.

पिशवीतल्या खाद्याचा इतिहासही फार जुना नाही. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६०च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांसाठी खास बिस्किटे काढली. आज आपण पाहतो तो फुगीर दाणा मात्र १९५७ साली अमेरिकेत प्युरिना कंपनीने बाजारात आणला. मांसाची भुकटी, धान्य, चरबी यांचे पीठ वाफेच्या उष्णतेने व दाबाने शिजवून साच्यातून बाहेर काढतात. दाब सुटताच दाणा फुगतो, मग तो वाळवून त्यावर चरबी फवारतात. पाणी शंभरात दहा भागांच्या आसपास उरते, म्हणून तो टिकतो. कच्च्या आहाराची चळवळ त्याहून अलीकडची. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ सालच्या पुस्तकाने तिला जोर आला.

कच्च्या मांसाच्या बाजूने बोलायचे तर कुत्रे ते आवडीने खातात, ते चांगले पचते, विष्ठा कमी व घट्ट होते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘मांस’ म्हणजे नुसता खिमा नव्हे. हाडविरहित मांसात चुन्याच्या मानाने स्फुरद पंधरा-वीसपट असते. कुत्र्याला मात्र स्फुरदाइतका किंवा त्याच्या दुपटीपर्यंत चुना लागतो. हौशी मालक पिलाला प्रेमाने नुसते मटण घालतो. रक्तातला चुना टिकविण्यासाठी ते पिलू स्वतःच्याच हाडांतला चुना काढू लागते, पाय वाकतात, उडी मारताच हाड मोडते. मोठ्या जातीच्या पिलांत हे फार लवकर घडते. म्हणूनच कच्चा आहार देणारे जाणकार साधारण ऐंशी भाग मांस, दहा भाग खाण्याजोगे हाड, दहा भाग कलेजी व इतर अवयव असे प्रमाण सांगतात. आणि त्यातही कलेजी निम्म्याहून अधिक नको, कारण अ जीवनसत्त्वाचा अतिरेक अपायकारक होतो.

आता खरा प्रश्न जंतूंचा. येथे कुत्र्यापेक्षा घरच्या माणसांची काळजी अधिक आहे. नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील संशोधकांनी २०१८ साली बाजारात मिळणारी गोठविलेल्या कच्च्या मांसाची ३५ पाकिटे तपासली. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जंतू १९ पाकिटांत, ई. कोलाय ओ १५७ हा घातक प्रकार ८ पाकिटांत आणि साल्मोनेला ७ पाकिटांत सापडला. गोठविल्याने जंतू मरत नाहीत, फक्त निजतात, हे यावरून स्पष्ट व्हावे. इंग्लंडमध्ये २०१७ साली ओ १५७ ची बाधा चौघांना झाली. त्यांपैकी तिघांचा संबंध कुत्र्यांच्या कच्च्या खाद्याशी आलेला होता, आणि एक जण दगावला. कुत्रा ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून, जिभेतून, ताटलीतून जंतू घरभर फिरतात. ज्या घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर सून, म्हातारे माणूस किंवा कर्करोगाचे उपचार घेणारा रुग्ण आहे, त्या घरात कच्चे मांस आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याहूनही एक गोष्ट आपल्या भागात अधिक महत्त्वाची आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. शेळी, मेंढी, म्हैस यांच्या कलेजीत व फुप्फुसांत कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढऱ्या गाठी दिसतात. खाटीक तो तुकडा कापून बाजूला टाकतो, आणि बाजूला म्हणजे बहुधा कुत्र्यापुढे. त्या गाठीत एकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीची पिले असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे काही मिलिमीटर लांबीचे कृमी होतात. कुत्र्याला त्याचा पत्ताही लागत नाही. सुमारे सहा-सात आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात, ती अंगणातल्या भाजीवर, मुलाच्या हाताला लागतात, आणि तोंडावाटे पोटात गेली की माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढत राहते. शेवटी शस्त्रक्रियेची पाळी येते. बकरी ईदच्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात, आणि जत्रेच्या दिवसांत गावोगावी, हे अवयव उघड्यावर पडतात ते आम्ही दरवर्षी पाहतो. ते खड्डा खणून खोल पुरले पाहिजेत; गल्लीतल्या कुत्र्यांवर दया म्हणून फेकणे ही दया नव्हे. आइसलंडमध्ये हा रोग घरोघर होता. डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राब्बे १८६३ साली तेथे गेले, आणि पुढच्या वर्षी लोकांना समजेल अशी लहानशी पुस्तिका त्यांच्या भाषेत निघाली. कुत्र्याला कच्चे अवयव घालू नका, ते पुरा वा जाळा, एवढाच तिचा सारांश. विसाव्या शतकात तो देश या रोगातून मुक्त झाला. छापील कागदाचा असा उपयोग झालेला पाहून शिक्षकाला समाधान वाटते!

इतके सांगूनही कोणाला कच्चेच घालायचे असेल तर मांस माणसांच्या दुकानातून, तपासलेले घ्यावे. उणे वीस अंशांखाली आठवडा-दहा दिवस गोठवावे. त्याने गाठीतले कृमी मरतात, जंतू मरत नाहीत, हा भेद ध्यानात असू द्यावा. बर्फ फ्रिजमध्येच, सर्वांत खालच्या कप्प्यात सुटू द्यावे. सुरी, पाट, भांडे स्वतंत्र. उरलेले अर्ध्या तासात उचलावे, हात साबणाने धुवावेत. शिजविलेले हाड कधीही देऊ नये, त्याचे टोकदार तुकडे होऊन आतडे फाटते. कच्चे मोठे नळीचे हाडही दात मोडते. पशुवैद्याच्या सल्ल्याने पट्टकृमीवरील प्राझिक्वांटेलची मात्रा नियमाने द्यावी.

कारखान्याचा माल म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवण्याचेही कारण नाही. २००७ साली चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले निघाले आणि अमेरिकेत कित्येक मांजरे-कुत्री मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. २०१२ साली कोरड्या खाद्यातील साल्मोनेलाने अमेरिका व कॅनडा मिळून ४९ माणसे आजारी पडली. तरीही दाणा शिजलेला असल्याने धोका पुष्कळ कमी, आणि चुना-स्फुरदाचा हिशेब आधीच केलेला असतो. पिशवी घेताना चित्र पाहू नये, मागची बारीक अक्षरे वाचावीत: आहार ‘पूर्ण व संतुलित’ म्हटला आहे काय, कोणत्या वयासाठी, प्रथिने किती. अमेरिकन प्रमाणानुसार कोरड्या वजनात मोठ्या कुत्र्यास किमान १८ टक्के, पिलास २२.५ टक्के प्रथिने हवीत. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे सहाशे कॅलरी पुरतात, म्हणजे दाणा पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. आम्ही पाहतो ती बहुतेक कुत्री याच्या दीडपट खातात, वर चहातले बिस्किट निराळेच.

घरीच शिजवून मटण, भात, भोपळा घालण्याची रीत आम्हांस सर्वांत आवडते. कांदा, लसूण, मीठ, तिखट मात्र वर्ज्य. पण तीही अपुरी पडते. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे २०१३ साली घरगुती आहाराच्या २०० कृती तपासल्या, तेव्हा १९० कृतींत एखादे तरी आवश्यक द्रव्य कमी निघाले. अंड्याचे कवच धुऊन, भाजून, वस्त्रगाळ करून घातले तर सपाट चमचाभर पुडीतून जवळजवळ दोन ग्रॅम चुना मिळतो. जस्त, तांबे, ड जीवनसत्त्व यांसाठी पशुवैद्यालाच विचारावे.

आहार बदलायचा तर एकदम बदलू नये. आठ-दहा दिवस जुन्यात नवे थोडेथोडे वाढवीत जावे. पावसाळ्यात मोठी पिशवी घेणेही टाळावे. उघडलेल्या पिशवीतली चरबी खवट होते, दाण्याला बुरशी धरते. महिन्यात संपेल एवढीच आणावी, तोंड घट्ट बांधून मूळ पिशवीसकट डब्यात ठेवावी, म्हणजे तक्रारीची वेळ आल्यास तिच्यावरचा घाणा क्रमांक व तारीख हाताशी राहील.