हँडल फिरवणाऱ्याची विद्या

स्टेन्सिलला भोक पडत नाही. जन्मभर सायक्लोस्टाईलच्या यंत्रावर स्टेन्सिलमधून छापलेली परिपत्रकं वाचलेल्या माणसांनाही हे ठाऊक नसतं. स्टेन्सिल म्हणजे लांब धाग्यांचा, जाळीसारखा विरळ जपानी कागद आणि त्याच्यावर मेणाचा लेप. पुढे मेणाच्या जागी सेल्युलोजचं रसायन आलं. टाइपरायटरची रिबन बाजूला सारून नुसतं अक्षर मारलं की तेवढ्यापुरता लेप सरकतो, धागे जागेवरच राहतात, आणि शाई त्या धाग्यांच्या फटींतून पलीकडे जाते. म्हणून तर ‘ठ’च्या पोटातली टिकली गळून पडत नाही. पडलीच, तर टायपिस्टचा हात जड आहे असं समजायचं. मग प्रत्येक ‘ठ’ काळाकुट्ट गोळा होऊन छापला जायचा आणि ठराव क्रमांकापासून ठेवीपर्यंत सगळ्यावर डाग.

आमच्या कचेरीत टायपिस्ट बाईंचा हात असा होता की स्टेन्सिल उजेडासमोर धरली तर ओळी चांदीच्या तारांसारख्या लखलखत. चुकलेल्या अक्षरावर त्या लाल करेक्शन फ्लुइडचा थेंब देत, फुंकर मारत, वाळलं की त्यावरच बरोबर अक्षर मारत. बाटली आटली आणि स्टोअरकडून नवी आली नाही, तर पर्समधून नेलपॉलिश निघायचं. ते चालायचंही, कारण दोन्हींचं रसायन जवळपास एकच. पण एवढी सुंदर स्टेन्सिल मशीनवाल्या मामांच्या हातात गेली की बाई दोन मिनिटं अस्वस्थ असायच्या. त्या अस्वस्थतेला कारण होतं. स्टेन्सिल बिघडली तर पुन्हा टाइप त्यांनाच करावी लागे.

सरकारी खात्यांत सायक्लोस्टाईल फिरवणाऱ्यासाठी ‘गेस्टेटनर ऑपरेटर’ या नावाचं पद होतं, यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या नावानं. असं भाग्य फार कमी यंत्रांच्या वाट्याला आलं असेल. ज्याच्या आडनावावरून हे नाव पडलं तो डेव्हिड गेस्टेटनर मूळचा हंगेरीचा, जन्म 1854 चा. व्हिएन्नाच्या शेअरबाजारात त्याला दिवसभराचे व्यवहार संपले की तेच तेच कागद हातानं पुन्हा पुन्हा उतरवावे लागत. पुढे तो अमेरिकेत गेला, तिथं काही काळ जपानी कागदाचे पतंग विकले, आणि त्या कागदाची ओळख स्टेन्सिल करताना कामी आली, असं सांगतात. लंडनला आल्यावर 1881 मध्ये त्यानं एका लेखणीचं पेटंट घेतलं. तिच्या टोकाला निब नव्हती, दातेरी चाक होतं. लिहीत जावं तसं ते मेणकागदावर बारीक टोचे मारत जाई.

त्याच्याआधी एडिसननं हाच उद्योग विजेवर करून पाहिला होता. 1876 च्या पेटंटातल्या त्याच्या पेनच्या डोक्यावर एक छोटी मोटर होती आणि सुई सेकंदाला पन्नासेक वेळा खालीवर होई. कल्पना झकास, पण पेनाबरोबर ॲसिडच्या बॅटऱ्या आल्या आणि त्या सांभाळायच्या कारकुनानं. कोणता कारकून हे करील? पेन कचेऱ्यांतून गेलं. मात्र 1891 मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायलीनं त्याच कल्पनेवरून गोंदणाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ज्या सुईला कागद मानवला नाही, तिला कातडं मानवलं! एडिसनच्या हक्कांचं सोनं केलं ते शिकागोच्या ए. बी. डिक या लाकूड व्यापाऱ्यानं. त्याला गिरण्यांना सतत एकाच मजकुराची चौकशीपत्रं पाठवावी लागत. 1887 पासून त्यानं एडिसनचं नाव लावून ‘मिमिओग्राफ’ विकायला काढलं.

गेस्टेटनर, एडिसन, डिक या तिघांचं श्रेय मान्य आहे. पण माझ्या मते त्यांनी आधी सोपं काम केलं. अक्षर कोरणं ही निम्मी गोष्टही नव्हे. सुरुवातीला स्टेन्सिल लाकडी चौकटीत ताणायची, वरून रूळ फिरवायचा, चौकट उचलायची, कागद काढायचा, दुसरा ठेवायचा. शाई कुठे किती लागली हे फिरवणाऱ्याच्या मनगटावर. हे सगळं एका हँडलच्या फेऱ्यात बसवणं हे खरं कोडं होतं.

गेस्टेटनरनं ते दोन नळकांड्यांनी सोडवलं. वर एक, खाली एक, आणि दोघांभोवती पट्ट्यासारखं ताणलेलं रेशमी कापड. स्टेन्सिलच्या माथ्याची भोकं खुंट्यांवर अडकवून ती त्या कापडावर पसरायची. शाई बाजूच्या ट्यूबमधून येई, टूथपेस्टसारखी घट्ट. ती रुळांवर उतरे आणि ते रूळ नुसते फिरत नसत, फिरता फिरता डावीउजवीकडे सरकतही असत. त्या सरकण्यातच सगळी गंमत आहे. ते नसतं तर शाईचे पट्टे उमटले असते. अमेरिकन पद्धतीच्या यंत्रात एकच जाळीदार ड्रम आणि शाई त्याच्या पोटात. तिथं रंग बदलायचा तर ड्रमच बदलायचा. गेस्टेटनरवर रंग बदलायचा म्हणजे कापड बदला, रूळ पुसा, हात रॉकेलनं धुवा. म्हणून आपल्या कचेऱ्यांतली परिपत्रकं काळीच राहिली. त्यात शिस्तीचा भाग थोडा, आळसाचा जास्त.

कागद ही दुसरी डोकेदुखी. सायक्लोस्टाईलचा कागद मुद्दाम शोषक ठेवलेला असे. तेलकट शाई वर वाळत नाही, आत मुरते. गुळगुळीत बाँड पेपर लावला की ओली प्रत वरच्या प्रतीच्या पाठीवर उमटलीच. पण जो कागद शाई पितो तो पावसाळ्यात हवाही पितो. जुलै महिन्यात मामा रीम फोडून पत्ते पिसावेत तशी पिसत, कपाटात दिवा पेटता ठेवून त्यात कागद ठेवत, आणि तरीही दोन कागद एकदम गेले की शिवी हासडत. एकही कागद गेला नाही तर त्याहून वाईट. मग मजकूर थेट खालच्या रबरी रुळावर छापला जाई आणि पुढच्या दहाबारा प्रतींच्या पाठीवर उलटी अक्षरं. नंतरच्या मॉडेलांत कागद नसेल तर रूळ वर उचललाच जाऊ नये अशी सोय आली. मामांचा तिच्यावर विश्वास नव्हता. ते कानावर चालत. कागद सुटला की हँडलच्या आवाजात फरक पडतो म्हणत, आणि त्यांचा हात अर्ध्या फेऱ्यात थांबे.

या यंत्राचं उघडं पोट 1929 पर्यंत तसंच होतं. दातेरी चाकं बाहेर, चार पाय चारी बाजूंना फाकलेले. त्या वर्षी गेस्टेटनरच्या मुलानं न्यूयॉर्कमध्ये रेमंड लोवी या नवख्या डिझायनरला ते सुधारायला दिलं. लोवीनं चित्र काढून दाखवलं म्हणे: कागदांचा गठ्ठा घेऊन जाणारी सेक्रेटरी त्या फाकलेल्या पायाला अडखळून पडते आहे. हातात जेमतेम तीन दिवस होते. त्यानं डिझाइनची चिकणमाती मागवली, यंत्रावर थापली आणि नको तेवढं सगळं आत झाकून टाकलं. औद्योगिक डिझाइनचा इतिहास लिहिणारे या प्रसंगावर पानंच्या पानं खर्च करतात. मामांना मी ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणूनच स्क्रू काढायला एवढा वेळ लागतो.”

परीक्षांच्या दिवसांत हे यंत्र एकदम संशयित होऊन जाई. शाळांत मुख्याध्यापक स्वतः खुर्ची टाकून बसत, प्रती मोजणाऱ्या काउंटरवर नजर ठेवत, शेवटी स्टेन्सिल जाळून टाकत. एवढं करूनही पेपर फुटायची वाट शिल्लक असे. काम संपेपर्यंत पुन्हा लागेल म्हणून स्टेन्सिल लोक वर्तमानपत्रात दाबून ठेवत, म्हणजे जादा शाई टिपली जाई. त्या वर्तमानपत्रावर अख्खी प्रश्नपत्रिका उमटे. जाणकार मुख्याध्यापक स्टेन्सिलबरोबर कालचा पेपरही जाळत.

हेच यंत्र 1954 च्या सुमारास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांच्या ‘शब्द’ या अनियतकालिकासाठी फिरलं आणि आणीबाणीत भूमिगत पत्रकांसाठीही. छापखान्याला मालक असतो, मालकाला भीती असते. सायक्लोस्टाईलला एक खोली, एक रीम आणि दंडात ताकद पुरे.

काउंटरचं एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे एकदा ऑडिट आलं. तपासनीस साहेबांनी काउंटरचा आकडा आणि वाटलेल्या परिपत्रकांचा आकडा ताडून पाहिला. काउंटर बराच पुढे. मामांनी समजावलं, की शाई सारखी पसरेपर्यंत पहिल्या काही प्रती फिक्या येतात, त्या टाकाव्या लागतात. साहेबांनी शेरा मारला, “वाया गेलेल्या प्रतींचा पुरावा नाही.” मामांनी ते मनावर घेतलं. वर्षभर त्यांनी एकही खराब प्रत फेकली नाही. तारखेनिशी गठ्ठे बांधून एक गोदरेजचं कपाट भरलं. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले, कपाट उघडलं, आणि नवा शेरा आला: “शासकीय कपाटाचा वापर रद्दी साठवण्यासाठी का करण्यात आला, याचा खुलासा करावा.”

खुलासा बाईंनी टाइप केला. स्टेन्सिलवर, कारण चार खात्यांना प्रती पाठवायच्या होत्या. मामांनी हँडल फिरवलं. पहिल्या तीन प्रती फिक्या आल्या.