रांग मोडण्याचा हक्क

7 जुलै 2005 च्या सकाळी लंडनच्या भुयारी रेल्वेत तीन स्फोट झाले, तासाभरात चौथा एका बसमध्ये. 52 माणसं गेली. सगळं शहर एकाच वेळी मोबाइल कानाला लावून बसलं आणि नेटवर्क जाम झालं. त्यात रुग्णवाहिका सेवेचे अधिकारीही अडकले, कारण एव्हाना त्यांचीही बरीचशी भिस्त मोबाइलवरच होती. खाली भुयारात तर वायरलेसचीही पंचाईत. निरोप घेऊन माणसं पळत जिने चढत-उतरत होती.

गंमत म्हणजे या प्रसंगावरचा उतारा इंग्लंडकडे तयार होता. सिमकार्डात एक वर्ग नोंदलेला असतो. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या वाट्याला 0 ते 9 मधला कुठलाही आकडा येतो, त्यात लहान-मोठं काही नाही. 11 ते 15 हे मात्र मानाचे आकडे: 12 सुरक्षा दलांना, 13 पाणी-विजेसारख्या सेवांना, 14 आपत्कालीन सेवांना. वेळ आली की टॉवरने 0 ते 9 वाल्यांना दार बंद करायचं आणि उरलेल्यांना आत घ्यायचं.

त्या दुपारी सिटी ऑफ लंडन पोलिसांच्या सांगण्यावरून ओ-टू कंपनीने ऑल्डगेट स्थानकाभोवतीच्या एक किलोमीटरच्या टापूत हे दार खरोखरच बंद केलं. काही तास ते बंद राहिलं. लोकांचे लाखो कॉल लागलेच नाहीत. आणि इकडे सर्व दलांच्या संयुक्त नियंत्रण गटाने सकाळीच ठरवलेलं होतं की असं करायचं नाही! एक तर लोक आणखी घाबरतील; दुसरं, खास सिम नेमकी कोणाच्या खिशात आहेत याची खात्री नव्हती. ती शंका रास्त होती. लंडन असेंब्लीच्या समितीने पुढच्या वर्षी अहवालात या सगळ्याची चिरफाड केली.

पुढच्या वीस वर्षांत जे जे अडलं, ते मला या एका दुपारीच सापडतं. यंत्र हाताशी होतं. हुकूम कोणी द्यायचा आणि यादीत कोण, यावर घोळ.

अमेरिकेला हा धडा चार वर्षं आधी मिळाला होता. 11 सप्टेंबर 2001 नंतर तिथे निवडक अधिकाऱ्यांसाठी एक सोय झाली: नंबरच्या आधी *272 दाबायचं, की तुमचा कॉल टॉवरवर मोकळ्या होणाऱ्या पुढच्या जागेसाठी रांगेत सर्वांच्या पुढे. पण ही सोय बोलण्यापुरती होती. नकाशे, चित्रफिती, जवानांचा ठावठिकाणा हे सारं डेटावर गेलं, तेव्हा ती अपुरी पडली. मग वेगळ्या स्पेक्ट्रमची मागणी. 2008 मध्ये सरकारने एक पट्टा लिलावात काढला. अट अशी की घेणाऱ्या कंपनीने आपत्कालीन दलांसोबत वाटून वापरायचा. राखीव किंमत 130 कोटी डॉलर, बोली आली 47 कोटींची. लिलाव फसला. शेवटी 2012 च्या कायद्याने आपत्कालीन दलांसाठीचं जाळं ‘फर्स्टनेट’ उभं राहिलं, 700 कोटी डॉलर आणि 20 मेगाहर्ट्झ हाती घेऊन, आणि 2017 मध्ये 25 वर्षांचं कंत्राट एटी अँड टीला मिळालं.

या करारात खरी मेख आहे. एरवी हा पट्टा कंपनीचे साधे ग्राहकही वापरतात. आग लागली, पूर आला की त्यांना बाजूला सारलं जातं. प्रत्येक जोडणीला 1 ते 15 अशी पायरी असते, आणि शिवाय दोन खुणा: ही जोडणी दुसऱ्याला उठवू शकते का, आणि हिला कोणी उठवू शकतं का. 911 ला लागलेला कॉल मात्र कोणीच उठवायचा नाही. तरीही पायरी कितीही वरची असो, टॉवरपर्यंत पहिली हाक पोचायला हवी. संध्याकाळी दादरला विरार लोकलच्या दारातच शिरता आलं नाही, तर आतल्या राखीव सीटचा काय उपयोग? म्हणून सिममधला तो जुना आकडा आजही लागतो.

2018 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मेंडोसिनो कॉम्प्लेक्स नावाचा वणवा पेटला, तोवरचा त्या राज्यातला सर्वांत मोठा. सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची ‘ओईएस 5262’ ही गाडी तिथे होती. बंब, माणसं, सामग्री कुठे पाठवायची याचा हिशेब या गाडीतून चालायचा, तोही इंटरनेटवर. अचानक वेग नेहमीच्या दोनशेव्या हिश्शावर आला. जवानांनी स्वतःचे फोन जोडून काम ओढलं. कारण विचाराल तर टॉवरवर गर्दी नव्हती. गाडीतल्या सिमचा व्हेरायझनचा ‘अमर्याद’ प्लॅन महिन्याला 25 जीबीनंतर मंदावणारा होता, आणि तो कोटा संपला होता. दलाने विनवणी केली, तर कंपनीच्या माणसाने महागडा प्लॅन घ्यायला सुचवलं. आग पसरतेय आणि पत्रव्यवहार प्लॅनचा! आपल्या माणसाने दलाची विनंती हाताळताना चूक केली, असं कंपनीने नंतर कबूल केलं.

टॉवरवरची प्राधान्याची यंत्रणा कितीही अव्वल असली, तरी बिलाच्या खात्यातल्या एका अटीपुढे ती लुळी पडते, हे यातून दिसलं. अग्निशमन प्रमुखांचं प्रतिज्ञापत्र नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवण्याच्या नियमांच्या खटल्यात दाखल झालं. 2019 मध्ये अपील न्यायालयाने ते नियम रद्द करण्याचा सरकारचा निर्णय बराचसा उचलून धरला, पण सार्वजनिक सुरक्षेचा विचारच केलेला नाही म्हणून तेवढा भाग परत पाठवला. याच मुद्द्यावर व्हेरायझनचा बचाव असा होता की हा प्रश्न न्यूट्रॅलिटीचा नाहीच. मला ते पटतं. गाडी कुठल्या वेबसाइटसाठी अडली नव्हती, करारासाठी अडली होती.

आणि 22 फेब्रुवारी 2024 ला एटी अँड टीच्या जाळ्यात एक उपकरण चुकीच्या मांडणीनिशी चढवलं गेलं. देशभर फोन बंद, 12 तासांहून जास्त वेळ. फर्स्टनेटही त्यात गेलं. ते इतरांच्या आधी सुरू केलं गेलं, हे खरं. पण जाळंच झोपलेलं असताना पहिल्या पायरीला तरी काय करता येणार.

11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले तेव्हा इथेही फोन लागत नव्हते, ते ज्यांना आठवतं त्यांना यातलं काही नवं वाटणार नाही. दूरसंचार नियामक ट्रायने 2018 मध्ये पोलीस आणि आपत्ती-निवारण दलांसाठी ब्रॉडबँड जाळ्याची शिफारस केली. 2023 च्या दूरसंचार कायद्याचं कलम 20 म्हणतं की सार्वजनिक आपत्तीत, मदतकार्यासाठी अधिकृत केलेल्यांचे संदेश आधी पोचतील अशी व्यवस्था सरकार करू शकतं. अधिकृत कोण, ते ठरवणं सरकारवर सोडलं आहे. 108 रुग्णवाहिकेचा चालक त्यात येतो का? पालिकेच्या पंपिंग स्टेशनवरचा अभियंता? वॉर्डातला कंत्राटी कामगार, जो कमरेभर पाण्यात उतरून गटाराचं झाकण शोधतो? त्यांच्या खिशातली सिम कोणाच्या नावावर आहेत आणि महिन्याचा डेटा संपला की त्यांचं काय होतं, याची विचारपूस यादी करणाऱ्याने पाऊस लागायच्या आधी केलेली बरी.