चौकट : नागपूरच्या तीन नद्या

मनीषनगरात नळाला पाणी पेंच प्रकल्पाचे येते. नदी इथे आठवते ती पुरात किंवा दुर्गंधीने. दक्षिण नागपूरची ही पोहरा. मधून नाग, उत्तरेकडून पिवळी. महापालिका दर उन्हाळ्यात या तिघींचा गाळ उपसते.

नागपूर वसले ते नागकाठी. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 मध्ये इथली बारा खेडी जोडून शहराचा पाया घातला. त्याचा वारस चांद सुलतान याने प्रवाहाला बांध घालून जुम्मा तलाव बांधला, तोच आजचा गांधीसागर. पुढे 1870 मध्ये नागच्या वरच्या अंगाला अंबाझरी तलाव झाला आणि शहर त्याचे पाणी पिऊ लागले. नंतर मात्र पाणी दूरचे आणि सांडपाणी नागमध्ये, अशी सोयीची वाटणी झाली.

नदीने पात्र सोडले नव्हते, माणसांनी ते आवळले होते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि काठच्या घरांत पाणी शिरले.

शहराची घाण शहरात थांबत नाही. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. हे पाणी भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणात पोहोचते.